नवा ब्रेक का लागत नाही? घर्षणाचा एक छोटा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, की सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता मोटारीच्या ब्रेकवर बोलणार? प्रश्न रास्त आहे. तर हा विषय आमच्याकडे कसा आला, तिथूनच सुरुवात करू.

आमचा एक जुना विद्यार्थी. तत्त्वज्ञानात बी.ए. केलं, मग घरच्यांच्या आग्रहाने दुसरं काहीतरी शिकला आणि आता पुण्यात गाड्यांच्याच क्षेत्रात काम करतो. वर्षातून एक-दोनदा कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर स्वतःची गाडी घेऊन जातो. शर्यत नव्हे, मोकळ्या ट्रॅकवर गाडी जोरात चालवण्याचा दिवस असतो, तो. मागच्या खेपेला त्याने ट्रॅकसाठी म्हणून खास महागाचे नवे ब्रेक पॅड घेतले, आदल्या रात्री बसवले आणि सकाळी थेट ट्रॅकवर उतरला. पहिली फेरी ठीक गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या फेरीत वळणाच्या आधी त्याने ब्रेक दाबला. पेडल घट्ट होतं, खाली गेलं नाही. पण गाडी थांबेना. वळण चुकलं, गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. कुणाला काही लागलं नाही, पण पोरगा हादरला.

घरी आला तेव्हा म्हणाला, "सर, पॅड नवे, डिस्क चांगली, ब्रेक ऑइल बदललेलं, पेडल घट्ट. सगळं होतं. मग ब्रेक कुठे होता?"

आम्हाला हा प्रश्न फार आवडला. कारण हा मेकॅनिकचा प्रश्न आहे आणि तत्त्वज्ञानाचाही आहे. ब्रेक नेमका कुठे असतो? त्याचं उत्तर शोधायला आज आपण थोडं मागे जाऊ.

कातडं, बूट आणि चप्पल

1888 चा ऑगस्ट महिना. जर्मनीतल्या मानहाइमहून बेर्टा बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, माहेरी फोर्त्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास म्हणून सगळीकडे सांगतात. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळा. तो चाकावर दाबायचा. उतारांवर तो ठोकळा झिजून संपायला आला. तेव्हा बाईंनी वाटेत एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यावर कातडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावण्याची मोटारीच्या इतिहासातली ही पहिली गोष्ट म्हणतात.

पुढे दहाएक वर्षांनी इंग्लंडमध्ये, डर्बीशरच्या डोंगराळ भागात, हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ घोडागाड्या उतारावरून येताना बघत असे. गाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकत. नुसत्या लाकडापेक्षा बुटाचा तळ जास्त धरतो, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. फ्रूडने विचार केला, की बुटापेक्षा चांगलं काही मुद्दाम तयार करता येईल का? 1897 मध्ये त्याने ते काम सुरू केलं. त्यातून पुढे 'फेरोडो' हे नाव आलं. फ्रूड या नावाच्याच अक्षरांत बायकोच्या एलिझाबेथ नावाचं पहिलं अक्षर मिसळून केलेलं.

आपल्यालाही हे काही परकं नाही. शाळेत असताना सायकलचा ब्रेक गेला की आपण काय करायचो? पाय मागे नेऊन चाकावर चप्पल टेकवायचो. घरी आल्यावर झिजलेली चप्पल बघून आई काय म्हणायची, ते आम्ही इथे सांगत नाही.

पण त्या चपलेत एक मूलभूत गोष्ट आहे. थांबायचं तर काहीतरी झिजावं लागतं. चाक झिजू नये, टायर झिजू नये, तर मग चप्पल झिजेल. ब्रेकच्या इतिहासात हाच व्यवहार पुन्हा पुन्हा येतो: काय झिजवायचं, ते कुणी झिजवायचं आणि झिजेची किंमत कुणी द्यायची.

झिजेची किंमत

फ्रूडचं सुरुवातीचं अस्तर सुती कापडाचं होतं, वर चिकट लेप देऊन घट्ट केलेलं. घोडागाडीला ते पुरत होतं. मोटारीला पुरेना. कारण मोटारीचा वेग वाढला, आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. बाराशे किलोची गाडी ताशी 120 किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे 670 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. म्हणजे किती? नळाचं दोन लिटर पाणी गॅसवर ठेवून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी. ती चार-पाच सेकंदांत, तळहाताएवढ्या काही तुकड्यांमधून. एकदाच थांबायचं असेल तर ठीक आहे. ट्रॅकवर हे दर फेरीत तीन-चार वेळा, फेरीमागून फेरी चालतं. सुती अस्तर अशा उष्णतेत करपायचं.

मग 1908 च्या सुमारास ॲसबेस्टॉस आलं. खनिज असून कापसासारखं विणता येतं, जळत नाही, स्वस्त आहे. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक मोटारी ॲसबेस्टॉसच्या जोरावर थांबल्या.

इथे आम्हाला एक नाव घेतलंच पाहिजे. नेली केरशॉ. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात ॲसबेस्टॉसच्या कारखान्यात काम करणारी बाई. 1924 मध्ये वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी गेली. विल्यम कुक या डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली, त्यात ॲसबेस्टॉसचे कण सापडले आणि ते त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. पुढे 1927 मध्ये या रोगाला ॲसबेस्टॉसिस हे नाव मिळालं. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांतल्या धुळीसाठी नियम केले. आणि पूर्ण बंदी कधी आली? 1999 मध्ये. मधली अडुसष्ट वर्षं मोजा. शिवाय ते नियम कारखान्यापुरते. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या नळीने धूळ उडवणाऱ्या मेकॅनिकचा विचार त्यात नव्हता.

हे विषयांतर नाही. आपण पेडल दाबतो आणि गाडी थांबते, तेव्हा मधे जे झिजतं ते नाहीसं होत नाही. ते कुठेतरी जातं. हवेत, रस्त्यावर, कुणाच्या तरी छातीत. आजच्या बहुतेक पॅडमध्ये ॲसबेस्टॉस नसतं. राळ, पोलादाचे तंतू, ग्रॅफाइट, अरामिड, सिरॅमिकची पूड असं मिश्रण असतं. तरीही गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ही शहाणपणाची गोष्ट खूप महाग पडून कळलेली आहे.

ड्रममधून डिस्ककडे

आता ब्रेकच्या आकाराकडे वळू. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने 1902 मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. कल्पना अचूक होती. पण चिमट्यात घालायला योग्य पदार्थ नव्हता. त्याने तांबं वापरलं. ते किंचाळायचं आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजायचं. म्हणून पुढची पन्नास वर्षं राज्य केलं ते ड्रम ब्रेकने.

ड्रमची अडचण अशी, की तो बंद डबा आहे. उष्णता आत कोंडते. ड्रम तापला की फुगतो, अस्तरापासून दूर जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क उघडी असते. वारा लागतो, आणि तापून फुगली तरी चिमट्याच्या दिशेनेच जाड होते.

ही जुनी कल्पना पुन्हा उभी राहिली ती विमानांमुळे. डनलॉप कंपनी विमानांसाठी डिस्क ब्रेक करत होती. तिने जॅग्वारबरोबर ते मोटारीवर आणायला घेतले. चाचण्या करणारा चालक होता नॉर्मन ड्युइस. अडचणी पुष्कळ आल्या. डिस्क इतकी तापायची की ब्रेकचं ऑइल उकळायचं. 1952 च्या मे महिन्यात इटलीच्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि ड्युइस अशी गाडी घेऊन उतरले. स्टीअरिंग बिघडल्यामुळे शर्यत पुरी झाली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये रीम्सला मॉसने डिस्क ब्रेकच्या जॅग्वारवर शर्यत जिंकली. आणि 1953 मध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी तशाच गाडीतून जिंकली. चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी 100 मैलांच्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ.

इथे जरा थांबा. सरासरी वेग वाढला तो फक्त इंजिनामुळे नाही. ले मान्सला तेव्हा एक सहाएक किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला एकदम हळू घ्यायचं वळण. ज्याचा ब्रेकवर भरवसा आहे, तो त्या वळणाच्या जास्त जवळ जाईपर्यंत वेगात राहू शकतो. वेग ही ब्रेकने दिलेली परवानगी आहे, असं आम्ही वर्गात म्हणायचो. पोरं हसायची, पण लक्षात ठेवायची.

या परवानगीची दुसरी बाजूही आहे. 11 जून 1955, तेच ले मान्स. माइक हॉथॉर्नची डिस्क ब्रेकवाली जॅग्वार पिटमध्ये जाण्यासाठी हळू झाली. मागची लान्स मॅकलिनची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला डावीकडे वळली. तिच्या मागून पिएर लेवेचची मर्सिडीज जास्त वेगाने येत होती, ड्रम ब्रेकवर. ती धडकून प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. चौकशीत कुणा एका चालकाला दोषी धरलं नाही, आणि त्या वादात आम्हीही पडणार नाही. त्या ट्रॅकची रचना, पिटची अरुंद जागा, सगळंच त्यात होतं. पण एक गोष्ट घ्या. आपण किती पटकन थांबू शकतो हे आपल्याला माहीत असतं. मागच्याला ते माहीत नसतं. चांगला ब्रेक असलेल्या माणसाची जबाबदारी आरशाकडे बघण्याचीही असते.

माकड फांदीवर असतं, मुळाशी नसतं

आता आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. सगळं होतं, मग ब्रेक कुठे होता?

न्याय-वैशेषिक दर्शनात संयोग नावाचा एक गुण मानला आहे. तो एका वस्तूत राहत नाही, दोन वस्तूंत मिळून राहतो. आणि त्याचं एक लक्षण असं, की तो वस्तूला पूर्ण व्यापत नाही. नैयायिकांचं आवडतं उदाहरण झाडावरच्या माकडाचं. झाडाला माकडाचा संयोग फांदीपाशी आहे, त्याच झाडाला मुळाशी तो नाही.

आता युरोपात या. 1699 मध्ये फ्रान्सच्या गियोम आमोंतों यांनी मांडलं, की घर्षण दाबावर अवलंबून असतं, टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर नाही. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला जोर तेवढाच. हे लोकांना पटायला जड गेलं. ते का, याचा नीट उलगडा व्हायला विसावं शतक उजाडलं. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवलं, की दोन पृष्ठभाग डोळ्यांना पूर्ण टेकलेले दिसले तरी खरा स्पर्श फक्त बारीक बारीक टोकांवर असतो. बाकी सगळी पोकळी. म्हणजे संयोग आहे, पण व्यापून नाही. माकड काही फांद्यांवरच बसलंय. नैयायिकांना ब्रेक ठाऊक होते असं आम्ही म्हणत नाही बरं का! प्रश्न विचारायची पद्धत त्यांची होती, एवढंच.

नव्या पॅडचं आणि डिस्कचं नेमकं हेच होतं. दोघे एकमेकांना थोड्याच ठिकाणी टेकतात. त्या थोड्या जागांवर सगळी उष्णता येते. वर पॅडमधली राळ अजून कच्ची असते. पहिल्यांदा खूप तापली की तिच्यातून वायू निघतात. ते पॅड आणि डिस्कच्या मधे येतात, आणि पॅड जणू तरंगायला लागतो. पेडल घट्ट लागतं, कारण ऑइल ठीक आहे. गाडी मात्र थांबत नाही. कोईमतूरला तिसऱ्या फेरीत जे झालं, ते हे. पेडल मऊ होऊन खाली गेलं असतं तर आपण म्हटलं असतं की ऑइल उकळलं. तो वेगळा रोग आहे, त्याचं औषधही वेगळं.

म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: ब्रेक पॅडमध्ये नसतो, डिस्कमध्येही नसतो. तो दोघांच्या मधे तयार व्हावा लागतो. दुकानात पॅड मिळतो, ब्रेक मिळत नाही.

पॅड बसवणं आणि पॅड बसणं

आपल्या गॅरेजमध्ये छान बोलतात. पॅड मेकॅनिक बसवतो, पण नंतर तो 'बसावा' लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं कसं करायचं ते थोडक्यात सांगतो. पॅडच्या कंपनीने दिलेली रीत असेल तर ती पहिली, आम्ही नंतर.

एक, हे काम बंद रस्त्यावर किंवा ट्रॅकवरच करायचं. वाहत्या रस्त्यावर नाही. कारण ब्रेक अजून तयार झालेला नाही, आणि मागच्याला ते ठाऊक नाही.

दोन, डिस्क स्वच्छ हवी. आधी वेगळ्या जातीचे पॅड असतील तर त्यांचा जुना थर काढून घ्यायचा. एकाच्या थरावर दुसरा नीट बसत नाही.

तीन, आधी चार-पाच वेळा हलका ब्रेक लावून सगळं नुसतं कोमट करायचं. मग साधारण ताशी 100 वरून 30 पर्यंत मध्यम जोराने, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, चाक लॉक होऊ द्यायचं नाही. मग दोन-चार वेळा जास्त जोराने. जळका वास येतो, कधी थोडा धूर दिसतो. राळेतले वायू बाहेर पडत असतात, आणि पॅडमधल्या पदार्थाचा एक अगदी पातळ, सारखा थर डिस्कवर चढत असतो. पुढे बरंचसं घर्षण पॅड आणि लोखंड यांच्यात होत नाही. ते पॅड आणि त्याच्याच थरात होतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, यानंतर आठ-दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी चालवून गार होऊ द्यायची. तापलेल्या अवस्थेत थांबून पेडल दाबून धरायचं नाही, हँडब्रेकही लावायचा नाही. नाहीतर पॅडचा ठसा एकाच जागी डिस्कवर उमटतो. मग ब्रेक लावला की पेडल थरथरतं. लोक म्हणतात, डिस्क वाकडी झाली. बऱ्याच वेळा ती वाकलेली नसतेच, तिच्यावर थर असमान चढलेला असतो. त्या जाड जागा पुढे जास्त तापतात, साडेसहाशे-सातशे अंशांपर्यंत गेल्या तर तिथलं लोखंडच बदलून कडक होतं. मग तो ठसा सहजी जात नाही.

आणि पाच, ऑइल विसरू नका. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पण ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. बाटली तीच, नाव तेच, पंच्याहत्तर अंशांचा फरक.

आता कुणी विचारेल, आम्ही ट्रॅकवर जात नाही, आमचं काय? तुम्ही खंबाटकी उतरता ना? वरंधा, आंबेनळी उतरता ना? पॅड बदलून त्याच दिवशी सामान-माणसं भरून घाट उतरायला जाऊ नका, एवढं जरूर करा. आणि घाटात जुने चालक सांगतात तसं खालच्या गिअरमध्ये उतरा. इंजिनाला धरू द्या, ब्रेकला श्वास घेऊ द्या.

आमचा विद्यार्थी पुढच्या वेळी कोईमतूरला गेला तो नवे पॅड घेऊन. अर्धा दिवस त्याने फक्त ते बसण्यासाठी दिला. बाकीचे मित्र जोरात फेऱ्या मारत होते आणि हा आपला तापवतोय, गार करतोय. संध्याकाळी फोन आला. म्हणाला, "सर, आज फेऱ्या कमी झाल्या. पण प्रत्येक वळणाला गाडी थांबली."

बेर्टाबाईंच्या चांभारापासून या पोरापर्यंत सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. पदार्थ बदलले, तबकडी आली, माणसं गेली, कायदे झाले. पण दोन वस्तूंना एकमेकांच्या सवयीचं व्हायला लागणारा वेळ कुणाला विकत घेता आलेला नाही. तो द्यावाच लागतो, आणि आधीच दिलेला बरा. वळण आल्यावर देता येत नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.